मुलींच्या बास्केटबॉलवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी जुळे सोलापूरला राहते, एका कापड दुकानात हिशेब बघते. शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचे, नंतर सगळं सुटलं. आता भाची आठवीत आहे, ती उन्हाळी कॅम्पला जाते आणि तिला सोडायला गेले की मी तिथेच मॅच बघत बसते. एवढ्या छान खेळतात पोरी, पण कुठेच काही छापून येत नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणाला तिकडे उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलींच्या मॅचेस फिरून फिरून बघणारे आणि त्यावर हौसेने लिहिणारे लोक आहेत. मलाही तसं करावंसं वाटतंय. पत्रकारितेचं शिक्षण नाही. जमेल का?

उत्तर : जमेल की हो, न जमायला काय झालं! हिशेब बघता म्हणजे अर्धं काम तुम्हाला आधीच येतंय.

भाऊ सांगतात ते खरंय, फक्त तिकडचा उन्हाळा वेगळा असतो. अमेरिकेत हायस्कूलचा बास्केटबॉल सीझन थंडीत, नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत संपतो. उन्हाळ्यात शाळा बाजूला राहते आणि क्लबच्या टीम गावोगावी फिरून खेळतात, त्याला तिकडे सरसकट एएयू बॉल म्हणतात (एएयू म्हणजे अशा क्लब स्पर्धा भरवणारी एक संस्था). जुलैमधे काही ठरावीक दिवस एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था, कॉलेजच्या कोचना या मॅचेस बघायची परवानगी देते, त्यामुळे त्या दिवसांतल्या खेळावर एखाद्या मुलीची कॉलेजची स्कॉलरशिप ठरू शकते. साहजिकच तिथे कोण कशी खेळली हे वाचायला लोक टपलेले असतात.

आपल्याकडे शासकीय शालेय स्पर्धा शाळा सुरू झाल्यावर होतात, 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या, आधी जिल्हा मग विभाग मग राज्य, आणि आपण पुणे विभागात येतो. उन्हाळ्यातल्या कॅम्पच्या मॅचेसना ना सर्टिफिकेट ना निवड, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. पण मुलगी घडते ती याच दिवसांत. पावसाळ्यात जिल्ह्याला जी पोरगी अचानक डाव्या हाताने ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) टाकायला लागते ना, तिने तो मे महिन्यात सकाळी सहा वाजता शंभरदा चुकवलेला असतो, आणि ते बघितलेलं असतं फक्त तिच्या सरांनी आणि तुमच्यासारख्या थांबलेल्या चार बायकांनी. हे लिहून ठेवायला माणूस पाहिजेच, आणि तुम्ही तिथे आहातच.

आता काम. पहिली गोष्ट नावं. बाकी सगळं नंतर. आपल्या सोलापुरात एका टीममधे बिराजदार, येमुल, शेख, गड्डम आणि दोन पाटील सहज असतात, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या घरच्या पोरी. कोणाचं आडनाव ऐकून अंदाजाने लिहू नका. मॅचच्या आधी वही त्या मुलीच्याच हातात द्या आणि तिला स्वतःच्या अक्षरात नाव आणि जर्सी नंबर लिहायला सांगा. कॅम्पमधे पुष्कळदा जर्सी नसतात, सगळ्या कॅम्पच्याच टीशर्टात असतात, तेव्हा बुटाचा रंग, वेणी की पोनी, हेअरबँड अशी खूण नावापुढे करून ठेवा. ती खूण फक्त वहीत, लेखात अजिबात आणायची नाही. आपलं नाव पहिल्यांदा छापलेलं बघणाऱ्या मुलीला त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर तिला काय वाटेल याचा विचार करा म्हणजे बास.

दुसरी गोष्ट आकडे. सगळंच मोजायला जाऊ नका, मॅच बघायची राहून जाईल. पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), स्टील (समोरच्या टीमचा बॉल हिसकावणं) आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) एवढं एका माणसाला जमतं. असिस्ट मोजायचा असेल तर नियम आधी ठरवा, पास मिळाल्यावर मुलीने लगेच बास्केट केली तरच धरायचा, आणि तो नियम दोन्ही टीमला सारखाच लावायचा, भाची खेळत असली तरी. अजून एक सोपं काम सांगते, एका पानावर अर्धं कोर्ट काढा आणि शॉट जिथून मारला तिथे, गेला तर गोल, नाही गेला तर फुली. दोन-तीन मॅचची पानं शेजारी ठेवलीत की कोण कुठून मारते आणि कोणाला उजवीकडची सवय आहे ते आपोआप दिसायला लागतं, कधीकधी तर कोचच्याही ते लक्षात आलेलं नसतं.

आणि बॉल बघा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. मुलींचा बॉल 6 नंबरचा असतो आणि पुरुषांचा 7 नंबरचा, घेरात साधारण एक इंचाचा फरक पडतो आणि वजनातही. बॉलवर नंबर छापलेला असतो. कॅम्पमधे मुलांचेच बॉल मुलींना देऊन टाकतात, मग तेरा वर्षांच्या मुलीचा शॉट रिंगपर्यंत पोचत नाही आणि बघणारे म्हणतात हिच्यात ताकदच नाही. रिंगची उंची सगळ्यांना सारखीच, 3.05 मीटर. तेव्हा लिहिताना बॉल कितीचा होता, कोर्ट सिमेंटचं होतं का, रिंगला नेट होती का, क्वार्टर किती मिनिटांचा होता हे एका ओळीत टाकाच. नियमाने क्वार्टर 10 मिनिटांचा असतो पण उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कमी खेळवतात, आणि आपल्याकडे पारा 43 च्या पुढे जातो तेव्हा ते बरोबरच आहे. हे न सांगता नुसतं 'सामना 18-14' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार पोरींना खेळताच येत नाही.

लिहिताना 'अटीतटीचा सामना', 'चमकदार कामगिरी' असले शब्द सोडून द्या, त्यात कोणीच दिसत नाही. काय झालं ते लिहा. 'तिसऱ्या क्वार्टरमधे 9 नंबरने समोरच्या पॉइंट गार्डला डावीकडे वळूच दिलं नाही, तिथून तीन टर्नओव्हर निघाले आणि मॅच फिरली', असं. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी. त्या 9 नंबरने अख्ख्या मॅचमधे दोनच पॉइंट केले असतील, स्कोअरशीटवर ती उठून दिसणारच नाही. जास्त पॉइंटवाली सगळ्यांना दिसते हो, तुम्ही स्क्रीन लावणारी, म्हणजे मैत्रिणीला वाट मिळावी म्हणून समोरचीला अडवून उभी राहणारी बघा, बॉल नसताना धावणारी बघा, पाचवा फाऊल होऊन बाहेर बसलेली पोरगी बेंचवरून काय ओरडून सांगतेय ते ऐका. आणि 'मुलांसारखी खेळते' हे कधीही लिहू नका. ती तिच्यासारखीच खेळते. दिसणं, रंग, उंची-जाडी यावर एक अक्षर नको. उंचीचा खेळात फायदा झाला असेल तेवढाच उल्लेख करा.

चुकांचं विचाराल तर खेळ कच्चा पडला असेल तर टीमचा म्हणून लिहा, 'प्रेस आल्यावर बॉल पुढे नेताच आला नाही' असं. प्रेस म्हणजे समोरच्या टीमने कोर्टभर चिकटून अडवणं. चौदा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे 'हिच्यामुळे हरले' असं छापायचं नाही, मग ते खरं का असेना.

कुठे छापायचं ही काळजी आत्ता करू नका. आधी कॅम्पच्या सरांना-मॅडमना दाखवा, पालकांच्या ग्रुपवर जाऊ द्या, मग एखाद्या स्थानिक दैनिकाच्या क्रीडा पानाला चार ओळी आणि पूर्ण नावं पाठवा, त्यांनाही उन्हाळ्यात मजकूर हवाच असतो. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, 2017 ला बेंगळुरूत आपल्या मुलींनी महिला आशिया कपचा डिव्हिजन बी, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकला, हे तरी आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? वरच्या खेळाचीच ही गत, मग खाली कॅम्पमधे खेळणाऱ्या पोरींचं तुम्ही नाही लिहिलंत तर कोण लिहिणार?

प्रश्न : मी निवृत्त आहे, विजापूर रोडला राहतो. नात कॅम्पला जाते आणि मला फोटोग्राफीची आवड आहे. तिच्या सगळ्या टीमचे फोटो काढावेत असं वाटतं पण पुरुष माणसाने मुलींच्या मॅचला कॅमेरा घेऊन उभं राहणं बरं दिसेल का अशी शंका येते.

उत्तर : काका, शंका येते हीच चांगली गोष्ट आहे. परवानगी घ्या, तोंडी नको, लेखी घ्या, आधी कोचची आणि मग प्रत्येक मुलीच्या पालकांची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीये. कायदा तुमच्या हौसेला किती लागू होतो हा वाद सोडा, पालकांना विचारणं हा साधा मान आहे. आणि मुलीलाही विचारा, आई हो म्हणाली आणि मुलगी नाही म्हणाली तर फोटो नाही.

उभं राहायचं कोर्टाच्या बाजूला, पंच आणि कोचच्या नजरेसमोर. बेंचच्या मागे, पाणी पिण्याच्या जागी, कपडे बदलायच्या खोलीच्या आसपास कॅमेरा बंद. खाली बसून वरच्या दिशेने फोटो काढू नका. शटर 1/500 च्या खाली गेलं तर हात हलल्यासारखा येतो, जमलं तर 1/1000 ठेवा, सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊ द्या. रिबाउंडला उड्या मारणाऱ्या चौघींचा फोटो एकटीच्या क्लोजअपपेक्षा केव्हाही भारी येतो. कोणता कॅम्प, कुठलं मैदान, किती वाजता, हे फोटोसोबत आधीपासून जाहीर करू नका. मॅच होऊन गेल्यावर दाखवा. सगळ्या टीमचा अल्बम करून कोचकडे दिलात तर नातीपेक्षा बाकीच्याच जास्त खूष होतील.

प्रश्न : ताई, मी दहावीत जाणार आहे. टीममधे सिलेक्ट झाले नाही म्हणून सर म्हणाले स्कोअर टेबलवर बस. मला रडूच आलं. काय करू?

उत्तर : रडू येणारच गं, त्यात काही चुकीचं नाही. सिलेक्शनचं सरांना सरळ विचार की माझं काय कमी पडलं, ते सांगतील. पण टेबलवर बस, कारण कोर्टाच्या मधोमध बसून दहाच्या दहा जणी एकदम दिसतात ती जागा तीच आहे आणि पंच काय खूण करतात ते तुला तिथेच सगळ्यात लवकर कळेल. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, क्वार्टरमधे टीमचे चार फाऊल झाले की पुढच्या डिफेन्सच्या फाऊलला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट), हे तोंडपाठ कर, कारण पंच तुझ्याकडे बघून विचारतील. स्कोअरशीटवर बास्केट झाली की तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन पॉइंटला त्या खेळाडूच्या नंबराभोवती गोल. आणि दोन रंगांचे पेन घेऊन जा, पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या-चौथ्याला निळा किंवा काळा.