सही दोघांची, नकार एकाचा

नवरा नको म्हणत असताना गोठवलेले भ्रूण मला मिळतील का, हे विचारताना भ्रूण ही मालमत्ता की मूल, यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत. तुमचं प्रकरण त्यावर ठरणार नाही. आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भधारणेच्या उपचाराच्या) वेळी भरलेल्या फॉर्मवर ‘विभक्त झाल्यास गोठवलेले भ्रूण पत्नीला द्यावेत’ असं आहे, खाली नवऱ्याची सही आहे, आता तो नको म्हणतो. फॉर्म आहे म्हणजे दावा जिंकलाच, असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही.

असाच फॉर्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका पत्नीकडे होता. नवऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या केलेल्या, मजकूर तिने मागाहून भरलेला. (तुमचा कोणी भरला?) २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फॉर्म मानला नाही. वर सांगितलं, की एखाद्याला मनाविरुद्ध बाप व्हायला लावणारा करार आम्ही राबवणार नाही.

भ्रूण ठेवलेलं उपचार केंद्र कोणत्या देशात आहे, हेही तुम्ही लिहिलेलं नाही! भारतात असेल तर आयव्हीएफसारख्या उपचारांवरच्या २०२१च्या कायद्याचं कलम २२ बघा: भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. ब्रिटनमध्येही तेच. तिथल्या एव्हन्स खटल्यातल्या बाईंची अंडाशयं काढलेली होती, स्वतःचं मूल होण्याचा गोठवलेले भ्रूण हाच मार्ग उरला होता; तरी २००७मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात त्या हरल्या. उलट अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २०१८च्या कायद्याने मूल हवं असणाऱ्याला झुकतं माप दिलं आहे.

‘त्याने केंद्राला लेखी कळवण्याआधी ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) उरकून घेऊ का?’ असंही तुम्ही विचारता. मुळीच नाही. त्याचा नकार तुमच्या मोबाइलवर पडून आहे. तो दडवलात तर ती फसवणूक होईल, आणि जन्मणाऱ्या मुलाच्या बापाचा वाद त्या मुलाच्या गळ्यात पडेल.

तो दोन वर्षं नाही म्हणतोय आणि तुम्ही आत्ता विचारताय! साठवणीची मुदतही असते. भारतात १० वर्षं. तेव्हा फॉर्मची प्रत आणि मुदतीची तारीख केंद्राकडून लेखी घ्या. निकालापर्यंत भ्रूण नष्ट करू नयेत असा हुकूम मागता येईल. मिळेलच असं सांगत नाही.

तुम्ही ४१ वर्षांच्या आहात, आणि कोर्टाला कसलीच घाई नसते. म्हणून दावा लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, नव्याने बीजांडं मिळतील का. मिळाली तर या वेळी नुसती बीजांडंच गोठवा. त्यांत नवऱ्याचा वाटा नसतो.