फ्लॅट मुलाच्या नावावर करण्याआधी पेन्शनचा पीपीओ उघडून बघा

पुण्याहून एका काकांचं पत्र आलंय. वय ६८, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर, शेवटचा बेसिक ६८ हजार, आज पेन्शन साधारण ५३ हजार हातात. काकू ६३. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. मुलगा ३८ वर्षांचा, १४ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, औषधं चालू असली की बरा असतो, मधेच बंद करतो, गेल्या वर्षी ॲडमिट करावं लागलं आणि १ लाख ८० हजार गेले. राहतं घर स्वतःचं, शिवाय एक वन बीएचके भाड्याने दिलाय, २० हजार येतात. एका ओळखीच्या एजंटने मुलाच्या नावावर गॅरंटीड इन्कम प्लॅन दिलाय, वर्षाला ५ लाख असे ५ वर्षं भरायचे, आठव्या वर्षापासून २५ वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजार मिळणार. पहिला हप्ता गेला, पॉलिसीचे कागद आठवड्यापूर्वी घरी आले. हातात २७ लाखांच्या एफडी उरल्या. प्रश्न असा की पुढचे हप्ते एफडी मोडून भरू का म्युच्युअल फंडातून, तिथे १५ टक्के मिळतात म्हणे. आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय की वन बीएचके पुढच्या महिन्यात मुलाला बक्षीसपत्राने देतोय.

काका, आधी पॉलिसीचं उरकू कारण त्याला मुदत आहे. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडे चार्जेस कापून पैसे परत मिळतात. परत करा. २५ लाखांचे ६० लाख होतात हे एजंटने सांगितलं पण ते ३० वर्षांहून जास्त काळात होतात हे नाही सांगितलं, हिशोब केला तर साडेपाच-पावणेसहा टक्क्याच्या वर काही पडत नाही, आणि सीनियर सिटिझन स्कीम आजच ८.२ देतेय. पॉलिसीचे वर्षाचे २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याचे २० हजार, शेवटचा हप्ता येईल तेव्हा त्यांची किंमत ६ टक्के महागाईने आजच्या ३-साडेतीन हजारांएवढी असेल. टॅक्स वाचेल म्हणाला तेही सोडून द्या, पेन्शन, व्याज आणि भाडं मिळून तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, नव्या रिजीममध्ये टॅक्सच लागत नाही.

आणि तुम्ही लिहिलंय की फॉर्ममध्ये आजाराच्या प्रश्नाला एजंटने 'नाही' लिहायला लावलं. हे वाचून मला फार राग आला. १४ वर्षं ज्याच्या औषधाच्या फायली घरात आहेत त्याच्या नावाने खोटं डिक्लरेशन, आणि सही कोणाची तर त्या मुलाची. उद्या क्लेम अडला तर एजंट समोर येणार नाही. पॉलिसी मुलाच्या नावावर असल्यामुळे परत करायच्या पत्रावरही सही त्याचीच लागेल, तो आत्ता बरा आहे तर त्याला बसवून नीट समजावून सांगा, आणि पैसे कुठल्या खात्यात येणार तेही विचारून घ्या. पत्राची पोच शिक्क्यासकट घ्या.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीये त्याकडे येतो.

पूर्ण पत्रात फॅमिली पेन्शन हा शब्द नाही. केंद्राच्या पेन्शन नियमांत मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला आई-वडिलांनंतर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते, २५ वर्षं वयापर्यंतच मिळण्याची अट त्याला लागत नाही. शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के म्हणजे २० हजार ४००, वर आजचा डीआर म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ता धरला तर ३२ हजाराच्या आसपास, वर्षाला पावणेचार-चार लाख, आणि डीआर वाढेल तशी वाढणारी. असं उत्पन्न बाजारातून ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीची पेन्शन, घेऊन उभं करायचं तर ६० लाख लागतील आणि ती वाढणारही नाही. हे तुमच्या ३५ वर्षांच्या नोकरीने आधीच कमावून ठेवलंय काका, फक्त कागदावर आणलेलं नाही.

कागदावर का नाही आणलं ते तुम्हीच लिहिलंय, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं नाही कारण चार लोकांत कळेल आणि लग्नाला अडचण येईल, लग्न झालं की सुधारेल असं नातेवाईक म्हणतात. स्पष्ट बोलतो, लग्नाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही, आजार लपवून लग्न केलंत तर एका मुलीचं आयुष्यही त्यात ओढलं जातं. आणि सर्टिफिकेट म्हणजे मुलगा कामातून गेला असा शिक्का नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. तपासणीत चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी घेतो का, माणसांत कसा वागतो, बोलणं-समजणं कसं आहे, काम करू शकतो का, आणि आजार किती वर्षांचा आहे ते. त्यावरून टक्के ठरतात, ४० किंवा त्याहून जास्त आले की दिव्यांग कार्ड उपयोगी. ऑनलाइन अर्ज करायचा आणि सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डासमोर जायचं, जाताना १४ वर्षांची सगळी प्रिस्क्रिप्शन आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून न्या, आणि त्याचा चांगला दिवस असेल तरी वाईट दिवसांबद्दल बोर्डाला सांगा, आई-वडील तिथे हमखास मुलाची बाजू सावरून घेतात आणि टक्के कमी लागतात.

कार्ड आलं की फॉर्म ४ मध्ये कुटुंबाची माहिती अपडेट करून पीपीओमध्ये, म्हणजे तुमच्या पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये, त्याचं नाव तुम्ही हयात असतानाच घालून घ्या. त्याच्या वतीने पेन्शन कोणी घ्यायची ते नॉमिनेशनही आत्ताच द्या, ते केलेलं असेल तर मागच्यांना त्यासाठी कोर्टातून पालकत्व आणायची गरज नाही. एक लक्षात ठेवा, नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचं सोपं पालकत्व स्किझोफ्रेनियाला लागू नाही, ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, कोणी त्याचे फॉर्म भरून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्यातही अशा अवलंबून असलेल्या मुलाला वयाची अट नाही, आधी ते बघा, मग मेडिक्लेमचा विचार.

आता ते बक्षीसपत्र. ही पेन्शन मिळायला अट आहे की त्याचं इतर उत्पन्न त्या फॅमिली पेन्शन आणि डीआरपेक्षा कमी पाहिजे. फ्लॅट त्याच्या नावावर झाला की भाडं त्याचं, वर्षाला २ लाख ४०. पॉलिसीचे २ लाख ४०. झाले ४ लाख ८०, मर्यादा वर सांगितली तशी चारच्या आत. म्हणजे मुलाच्या भल्यासाठी केलेल्या दोन गोष्टी मिळून त्याची हक्काची पेन्शन घालवतील, आणि तेव्हा सांगायला तुम्ही नसाल. उलट तो उद्या अर्धवेळ कामाला लागला आणि सात-आठ हजार कमावले तर पेन्शनला धक्का नाही, त्याला कामाला लावायला या नियमामुळे घाबरू नका.

शिवाय १४ वर्षांत चार-पाच वेळा औषध बंद केलेल्या माणसाच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट असणं धोक्याचं आहे, आजार उसळला असताना कोणीही गोड बोलून सही घेऊन जाईल, आणि खरोखर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याचा वकील कोर्टाचा कागद मागेल. बक्षीसपत्र थांबवा. त्याऐवजी मृत्युपत्र करा, काकूंनंतर फ्लॅट आणि पैसे मुलासाठीच्या ट्रस्टमध्ये जातील असं, ट्रस्टी मुलगी आणि अजून एक भरवशाचा माणूस. अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला एकच ट्रस्ट असेल तर त्याला सगळ्यात वरचा टॅक्स दर लागत नाही. मात्र वकिलाला उत्पन्नाची अट दाखवूनच डीड लिहायला सांगा. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी मालक नसतो हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही सांगितलंय.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय, ती बघेलच. तिला विचारलंय का? तिचा नवरा, सासू, नोकरी सगळं बंगळुरूला. तिला बोलवा आणि नक्की काय जमेल ते विचारा, पैसे सांभाळणं जमेल आणि रोजचं जमणार नाही असं ती म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, रोजच्यासाठी वेगळा माणूस किंवा राहायची सोय आत्ताच शोधता येईल.

माझ्याकडे येणाऱ्या एका आईने दोनशे पानी वही केलीय. पहिल्या पानावर औषधांची नावं आणि वेळा, पुढे "झोप तीन रात्री बिघडली की डॉक्टरांना फोन करायचा, चौथ्या रात्रीची वाट बघायची नाही", "खिडक्या बंद करायला लागला तर वाद घालू नये", "दाढी कोपऱ्यावरच्याच सलूनमध्ये करतो, दुसरीकडे नेऊ नये". काकूंना अशी वही लिहायला सांगा, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही आणि ट्रस्टीला मृत्युपत्राइतकीच लागेल.

पैशांची मांडणी मग सोपी आहे. पॉलिसीचे आले की ३२ लाख होतील. त्यातले २४ सीनियर सिटिझन स्कीममध्ये, १२ तुमचे १२ काकूंचे, महिन्याला सोळा हजार पडतात. ४ लाख एफडीत काकूंबरोबर जॉइंट, मुलाला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करावं लागलं तर त्यासाठी, त्याला हात लावायचा नाही. उरलेले ४ इंडेक्स फंडात, १५ नाही, १० टक्के धरा, आणि पंधरा वर्षं विसरा. तुमच्यानंतर काकूंना ५३ च्या जागी ३२ हजारच येणार, तेव्हा हे सोळा लागतील.

दर महिन्याला पाच-सहा हजार मुलाच्या दिवसासाठी वेगळे ठेवा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, लोक 'सा' म्हणतात, तिथे जाऊन या, काकूंना तिथे त्यांच्यासारख्या आया भेटतील. रात्री-बेरात्री अडलात तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. आणि डॉक्टरांना विचारा की रोजच्या गोळीऐवजी महिन्याचं इंजेक्शन त्याला चालेल का. गेल्या वर्षीचे १ लाख ८० हजार औषध सुटल्यामुळे गेले.

या आठवड्यात दोनच कामं, पॉलिसी परत आणि बक्षीसपत्र रद्द. मग सर्टिफिकेटचा अर्ज. मृत्युपत्राचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठवा, मी बघून देतो.