स्वभाव की आजार?

प्रश्न : माझी धाकटी बहीण 34 वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला. काही महिन्यांपासून उदास असते, झोप उडाली आहे, कामावर खाडे होतात. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या आहेत. मध्यंतरी तिनं मोबाइलवर व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली. चिंताळूपणा फार जास्त, मोकळेपणा आणि नेटकेपणा कमी, असा निकाल आला. तेव्हापासून म्हणते, 'मी आहेच अशी.' आईही म्हणते, ती पहिल्यापासून हळवी. स्वभावाला औषध नाही, मग गोळ्या कशाला? खरंच बंद कराव्यात का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका. आणि तो निकाल सध्या बाजूला ठेवा. अंगात ताप असताना कुणी माणसाची ताकद जोखत नाही.

या चाचण्या बहुतेक पाच गुणांवर बेतलेल्या असतात : चिंताळूपणा, मोकळेपणा (म्हणजे बहिर्मुखता), नेटकेपणा, मिळतंजुळतं घेणं आणि नव्याची ओढ. नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या माणसांची तुलना केली की पहिल्या तिन्हींत ठळक फरक दिसतो, शेवटच्या दोन्हींत फारसा नाही. म्हणजे तुमच्या बहिणीचा निकाल नैराश्यातल्या असंख्य माणसांसारखाच आहे. पण चाचणीतले प्रश्न पाहा : 'मला लवकर वाईट वाटतं', 'माणसांत मिसळायला आवडतं', 'हातातलं काम पूर्ण करते'. जी रात्र रात्र जागी आहे, जिला डोकं धुवायचंही बळ नाही, ती याला काय उत्तर देणार? तिथे आजारच उत्तरं देतो. मनःस्थिती सुधारली की हे आकडेही काही अंशी सरकतात.

माझ्याकडे एक शिंपीकाका येत. 'मी मुळातच आळशी, माझ्यानं काही होत नाही,' एवढंच बोलायचे. एकदा काकूंनी पिशवीतून त्यांची ऑर्डरची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानापानावर मापं, कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेला, द्यायची तारीख, दिल्याची खूण. लग्नसराईतही एक तारीख चुकलेली नव्हती. मग एका पानापासून खुणा विरळ होत गेलेल्या आणि पुढची पानं कोरी. आजार कधी सुरू झाला, ते त्या वहीनं दाखवलं. म्हणून मी नातेवाइकांना नेहमी विचारते : मागच्याच्या मागच्या दिवाळीत ही व्यक्ती कशी होती? तुम्हीही तेवढं आठवून डॉक्टरांना सांगा. ती माहिती कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाची आहे.

आईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. चिंताळू स्वभावाच्या माणसाला नैराश्याचा धोका जास्त असतो, हे खरं. पण हळव्या माणसांतल्या अनेकांना आयुष्यात कधीच नैराश्य येत नाही, आणि एरवी खंबीर असलेल्यांनाही ते येतं. हळवी माणसं रडतात आणि पुन्हा कामाला लागतात. तुमची बहीण कामालाच लागू शकत नाहीये. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांवर परिणाम, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, जवळजवळ दिवसभर. याला आम्ही आजार म्हणतो.

राहिलं स्वभावाचं औषध. अमेरिकेत नैराश्याच्या 240 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पॅरॉक्सेटीन हे औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, काहींना विचारपद्धतीवर काम करणारी मानसोपचार पद्धत. औषध घेणाऱ्यांचा चिंताळूपणा कमी झाला, मोकळेपणा वाढला. आणि नैराश्य सारखंच उतरलेल्या, पण औषध नसलेली गोळी घेतलेल्या रुग्णांपेक्षा हा बदल कितीतरी जास्त होता. त्यामुळे 'स्वभावाला औषध नाही' हे आईंनी इतक्या ठामपणे म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. औषधानं माणूस वेगळा होत नाही. तुमची बहीण हळवी राहीलही, पण त्या हळवेपणानं तिचं कामधाम थांबणार नाही.

गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी, आजार उलटणं, असं काहीही होऊ शकतं. गुण येत नाही असं वाटलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं, समुपदेशनाची जोड देता येते. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा.

आणि एक गोष्ट तिला एकटीला बसवून सरळ विचारा : जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तोवर एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.