क्लासिकल म्हणजे नक्की काय? जुनं, शास्त्रीय की अभिजात?

तुम्ही विचारलंय की क्लासिकल म्युझिकमधलं क्लासिकल आणि क्लासिकल फिजिक्समधलं क्लासिकल एकच का, आणि सरळ 'जुनं' म्हटलं तर काय बिघडतं. बरंच बिघडतं. माझं बिघडलंय म्हणून तर लिहायला बसलो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका मासिकात क्वांटमवर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या भौतिकशास्त्रावर, लेख दिला होता. त्यात वाक्य होतं, 'अणूच्या पातळीवर अभिजात भौतिकशास्त्राचे नियम पुरे पडत नाहीत.' संपादकांना 'अभिजात' खटकला. त्यांचं म्हणणं, अभिजात म्हणजे घरंदाज, न्यूटनच्या नियमांना कसलं आलंय घराणं, आणि क्लासिकल म्हणजे शास्त्रीय हे शेंबडं पोर पण सांगेल. मग 'शास्त्रीय भौतिकशास्त्र' केल्यावर एका दमात दोनदा शास्त्र आलं म्हणून त्यातलं एक उडवलं आणि छापून आलं, 'अणूच्या पातळीवर शास्त्रीय नियम पुरे पडत नाहीत.' खाली माझं नाव!

आठवड्याच्या आत माझ्याच मावसभावाने त्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, 'बघा, शेवटी दादानेच कबूल केलं की विज्ञानाच्या पलीकडे काहीतरी आहे', आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. मी आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्या सगळ्यांनी त्या दिवशी माझं अभिनंदन केलं. संपादकांना फोन केला तर म्हणे, अहो अर्थ तोच निघतो की.

नाही निघत. फिजिक्समधलं क्लासिकल म्हणजे क्वांटम नसलेलं, बस. न्यूटनने १६८७ मध्ये पुस्तक छापलं तेव्हा त्याच्यासाठी ती फक्त यामिकी (बल आणि गतीचं शास्त्र) होती, क्लासिकल हे नाव नंतरच्यांनी चिकटवलं, जसं मोबाइल आल्यावर घरातल्या साध्या फोनला आपण लँडलाइन म्हणायला लागलो. आणि 'जुनं' म्हणाल तर प्लांकने क्वांटमची सुरुवात केली १९०० साली, आइन्स्टाइनची व्यापक सापेक्षता, म्हणजे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, आली १९१५ मध्ये, तरी बरेच फिजिक्सवाले सापेक्षतेला क्लासिकलमध्येच धरतात. म्हणजे नंतरचं ते क्लासिकल आणि आधीचं ते नाही, घ्या!

इकॉनॉमिक्समध्येही हीच गत. अ‍ॅडम स्मिथ (१७७६ मध्ये 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहिणारा) आणि रिकार्डो या अर्थतज्ज्ञांना क्लासिकल म्हणायला मार्क्सने सुरुवात केली, पुढे केन्सने १९३६ मध्ये ज्यांना खोडून काढायचं होतं त्या मार्शल-पिगू या नंतरच्या अर्थतज्ज्ञांनाही त्याच गोणीत भरलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना 'सनातनपंथी' म्हणतात, ते ऐकून स्मिथ काय म्हणाला असता कोण जाणे.

म्युझिकचं थोडक्यात. पाश्चात्य संगीतात काटेकोर बोलायचं तर क्लासिकल म्हणजे साधारण १७५० ते १८२०, हायडन-मोझार्टचा काळ, त्यामुळे १७५० मध्ये वारलेला संगीतकार बाख त्यात बसत नाही, पण सीडीच्या कप्प्यात तो क्लासिकलमध्येच सापडतो. आपल्याकडे ते रागदारीच्या शास्त्राला धरून असतं म्हणून शास्त्रीय, तिथे तो शब्द अगदी चपखल आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार तो शब्द उचलून सगळीकडे डकवण्याची आहे. २०२४ मध्ये मराठीला दर्जा मिळाला तो अभिजात भाषेचा, 'शास्त्रीय भाषेचा' म्हणून बघा कसं वाटतं.

आता एक गोष्ट जी मला तेव्हा माहीत असती तर फोनवरच ऐकवली असती. रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे वर्ग पाडायचे, त्यातल्या सगळ्यात वरच्या वर्गातला तो 'क्लासिकस'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाच्या लिखाणात हाच शब्द लेखकांना लावलेला सापडतो, हा क्लासिकस लेखक, तो प्रोलेटेरियस म्हणजे कंगाल वर्गातला. म्हणजे मूळ शब्दच घरंदाज आहे हो! संपादकसाहेब ज्या कारणासाठी 'अभिजात' खोडत होते त्याच कारणासाठी तो बरोबर होता.

अर्थात परीक्षेसाठी विचारत असाल तर पुस्तकात जो शब्द असेल तोच लिहा, मार्क त्यालाच मिळतात. आणि लॉजिकमध्ये, सायकॉलॉजीत क्लासिकलचे अजून वेगळे अर्थ आहेत, त्यात मी शिरलो नाही. पण कधी कुणाचा लेख तपासायला घेतलात आणि एखादा शब्द खटकला तर बदलायच्या आधी लिहिणाऱ्याला एक फोन करा. माझा नंबर लेखाच्या पहिल्याच पानावर होता.