घोडं नेमकं कुठे पेंड खातं : उप्सालाहून एक उत्तर

तुझा निरोप दोनदा वाचला. थोडक्यात तुझं म्हणणं असं: शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शेवटचं वर्ष, पुण्याच्या रेसकोर्सवर एका तबेल्यात दोन सीझन काढलेस, आणि आता घोड्याचा व्यायाम आणि चयापचय यावर स्वीडनमध्ये पीएचडी करायची आहे. विचारलंयस की आधी मास्टर्स करू का, पैसे किती मिळतात, तिथे प्रॅक्टिस करता येईल का, भाषेवाचून अडेल का, माझ्याकडे देण्यासारखं काय आहे, आणि तुम्ही दिवसभर नेमकं करता काय. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची. उप्सालात हे पाचवं वर्ष. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोठं आहे, म्हणून प्रॅक्टिसचं आणि पैशांचं आधी उरकते.

प्रॅक्टिसचं विचारलंस ते बरं केलंस, कारण घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. आपली बीव्हीएस्सी इथे पदवी म्हणून चालते, लायसन्स म्हणून नाही. युरोपबाहेर शिकलेल्या डॉक्टरला इथल्या कृषी मंडळाकडून मान्यता घ्यावी लागते. त्यात परीक्षा आल्या, प्रात्यक्षिक आलं, आणि हे सगळं स्वीडिशमध्ये. तोवर तू संशोधक, डॉक्टर नव्हे. शेजारणीच्या घोड्याला पोटशूळ झाला, तर फोन लावून देणं एवढंच तुझ्या हातात. पहिल्या वर्षी मला हे फार लागलं होतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रात्री दोन वाजता घोड्याच्या नाकातून नळी घालणारी मी, आणि इथे दावं धरून उभी! घोडे बरे करायची तुला खरोखर ओढ असेल तर इकडे येऊ नकोस, हे मी आत्ताच सांगते. इथे निरोगी घोड्याकडे वर्षानुवर्षं बघत बसायचे पैसे मिळतात.

पैशांचं म्हणशील तर पीएचडी इथे नोकरी असते. फी नाही, उलट पगार: करापूर्वी महिन्याला साधारण तीस हजार क्रोनरच्या आसपास, त्यातला पाचवा-चौथा हिस्सा करात जातो. एकट्याचं नीट भागतं. चार वर्षांचं काम, त्यात विद्यार्थ्यांना शिकवलंस तर तेवढी मुदत वाढते. मास्टर्सला मात्र 2011 पासून युरोपबाहेरच्यांना फी आहे, आणि ती सणसणीत. त्यामुळे कर्ज काढून इथे मास्टर्स करण्यापेक्षा तिकडे एमव्हीएस्सी कर आणि मग जाहिरात बघून अर्ज कर. जाहिरात ठरावीक प्रकल्पाची असते. ‘मला घोड्यांवर काहीतरी करायचंय’ असा मेल पाठवून उपयोग नाही. तसे मेल रोज येतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते माझ्याकडून ऐकू नकोस, मायग्रेशन खात्याच्या साइटवरच वाच.

आता दिवसभर काय करतो ते. आमचं कृषी विद्यापीठ शहराच्या दक्षिणेला उल्तुनाला आहे, फ्यूरिस नदीच्या काठाने सायकलवर जाता येतं. जानेवारीतली एक सकाळ सांगते. बाहेर उणे बारा. आत एक बे (तांबूस तपकिरी) रंगाची ट्रॉटर, म्हणजे दुडकीच्या शर्यतीत पळणारी, घोडी ट्रेडमिलवर. ट्रेडमिल म्हणजे जिममधली नव्हे, छोट्या टेम्पोएवढी, थोडा चढ दिलेली. घोडीला तिची सवय व्हायलाच बरेच दिवस जातात. गळ्याच्या शिरेत कॅथेटर, त्याला लांब नळी, छातीला हार्ट रेटचा पट्टा. वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, घोडी पळत असतानाच, मी नळीतून रक्त ओढते, आधीचं टाकून देते, नवं घेते, बर्फात ठेवते. उभी असताना मिनिटाला तीस-पस्तीस असलेले ठोके बघता बघता दोनशेपार जातात. रक्त तर डोळ्यांदेखत दाट होतं. घोड्याची पाणथरी (प्लीहा) लाल पेशींचं कोठार असते. आरामात पस्तीस-चाळीस टक्के असलेला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, जोरात पळताना साठच्या वर जातो, कारण पाणथरी आकसून ते कोठार रिकामं करते. म्हणूनच ‘आरामातला’ नमुना घेणं सगळ्यात अवघड. दाराशी बादली वाजली, घोडी दचकली, की तो आकडा गेला. दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, मग पुन्हा.

लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना स्नायूंतून रक्तात उतरणारा पदार्थ, लिटरला चार मिलिमोलवर कोणत्या वेगाला पोचतं आणि ठोके दोनशेवर कोणत्या वेगाला, या दोन आकड्यांभोवती आमचं निम्मं आयुष्य फिरतं. याची पायवाट स्वीडिश पशुवैद्य सुने पेर्सन यांनी 1960च्या दशकात पाडली. पशुवैद्यक महाविद्यालय तेव्हा स्टॉकहोमला होतं, आणि घोड्याला ट्रेडमिलवर पळवून त्याच्या रक्ताचं आकारमान नि कामाची ताकद मोजायचं तंत्र त्यांनी बसवलं. स्नायूचा तुकडा काढायची सुई तर त्याच शहरात माणसांसाठी तयार झाली आणि तिथून घोड्याच्या पुठ्ठ्यावर आली.

पण ट्रेडमिलचे दिवस वर्षातून मोजके. एरवी मी चारा जोखते. सकाळी किती दिला, संध्याकाळी गव्हाणीत किती उरला, खाली किती सांडला. तुला हे ऐकून कंटाळा आला असेल, पण इथल्या सगळ्यात मोठ्या वादाचं मूळ या तराजूत आहे. आपल्याकडे रेसचा घोडा म्हटला की चंदी: ओट, जव, हरभरा, रात्री कोंड्याची गरम लापशी, वर तोंडी लावायला लसूणघास. मोतद्दाराला विचार, तो म्हणेल गवतावर काय घोडा पळतो? इथल्या लोकांनी नेमकं तेच करून पाहिलं. शर्यतीच्या तयारीतल्या ट्रॉटरांना दाणा बंद करून फक्त लवकर कापलेला, ऊर्जा भरपूर असलेला चारा दिला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून किंचित आंबवलेला, ज्याला हेलेज म्हणतात. निष्कर्ष 2012 साली छापून आले: नुसत्या चाऱ्यावर घोडे मागे तर पडले नाहीतच, चार मिलिमोलचं लॅक्टेट गाठायला त्यांना जास्त वेग लागला. हे वाचून पुण्याला जाऊन कुणाची चंदी बंद करू नकोस हं. जून झालेल्या कोरड्या गवतावर हे जमत नाही. सगळं कौशल्य कापणीच्या आठवड्यात आहे, आणि इथे प्रत्येक लॉटचं पृथक्करण होतं. आपल्याकडे मुळात तसं गवत पिकवायचं कुठे हाच प्रश्न आहे.

दुसरी बाजू लठ्ठ घोड्यांची. साडेतीन लाखांच्या आसपास घोडे आहेत या देशात, आणि बरेचसे हौसेचे. मानेवर चरबीची वळकटी आलेले, कमी काम, भरपूर कुरण. 2007 साली क्वीन्सलँडमध्ये निरोगी पोनींच्या रक्तात इन्सुलिन मुद्दाम चढं ठेवलं, साखर मात्र नेहमीइतकीच. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. तेव्हापासून खुराच्या आतल्या त्या सुजेकडे बघायची नजरच बदलली. आम्ही इन्सुलिनची चाचणी करतो ती साधी: रात्रभर उपाशी ठेवायचं, सकाळी सिरिंजने ग्लुकोजचं सिरप तोंडात, मग ठरल्या वेळी रक्त.

माझी सगळ्यात मोठी चूक त्यातलीच. एका खासगी तबेल्यातले आठ घोडे, सगळे उपाशी, मी पहाटे पाचला हजर. चौथ्या घोडीचा पहिलाच आकडा विचित्र आला. बघते तर फळ्यांच्या फटीतून तिने शेजारच्याच्या जाळीतला चारा रात्रभर ओढून खाल्ला होता, दाताखाली अजून काडी. जाळी दूर टांगायची जबाबदारी माझी होती. ती घोडी त्या दिवशी बाद, पुन्हा चाचणी दोन आठवड्यांनी, आणि प्राणी-प्रयोगाच्या परवान्यात किती वेळा टोचायचं ते लिहिलेलं असल्यामुळे आधी कागदपत्रं. तिचा दोष काही नव्हता, भूक लागली होती.

परवान्यावरून आठवलं. इथे घोड्याला सुई लावायच्या आधी प्रयोगप्राण्यांचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि प्रत्येक प्रयोग नैतिकता समितीकडून मंजूर व्हावा लागतो. समितीत सामान्य माणसंही असतात. ‘हे घोड्यासाठी का?’ असं ती सरळ विचारतात, आणि उत्तर तांत्रिक शब्दांत देता येत नाही. मला हा भाग आवडतो.

‘माझ्याकडे काय आहे’ असंही विचारलंयस. तुझे हात. गव्हाणीत वाढलेले, लहानपणापासून माणसाला सरावलेले घोडे इथे सगळ्यांना हाताळता येतात. चावरा घोडा उघड्यावर, दाव्याच्या दोन वेढ्यांवर शांत करणं तुला येतं. दुसरं म्हणजे तिकडचा एखादा प्रश्न. 2012 मध्ये उप्सालाच्याच लोकांनी घोड्याच्या चालीचं जनुक शोधलं, डीएमआरटी3: डीएनएतल्या एका अक्षराचा बदल, आणि आइसलँडिक घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत चालतो, तर ट्रॉटर भरधाव वेगातही दुडकी सोडत नाही. शर्यतीत दुडकी मोडली की घोडा गेलाच. मी ते वाचलं तेव्हा आधी सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवला. रवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या चालीचा घोडा तिथे लोक नुसत्या नजरेने निवडतात. भीमथडी घोडा आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. धनगरांच्या तळाबरोबर बिऱ्हाड वाहणारं ते तट्टू कशावर जगतं, किती चालतं, त्याच्या इन्सुलिनचं काय होतं? माथेरानच्या घोड्याला चढावर हार्ट रेटचा पट्टा बांधून बघ. अर्जात असं पानभर लिहिलंस तर तो मेल उघडला जाईल.

भाषेवाचून लॅबमध्ये अडत नाही, सगळे इंग्रजी बोलतात. तबेल्यात अडतं. तिथली कामं करणाऱ्या मुली, आणि बहुतेक मुलीच असतात, आपसांत स्वीडिशच बोलतात, आणि खरी बातमी, म्हणजे कोण कालपासून खात नाहीये, कोणाची लीद पातळ झालीये, ती तिथेच कळते. डिसेंबरात दिवस सहा तासांचा, त्याची सवय होते. थंडीची आईला काळजी आहे म्हणतोस. तिला सांग, तबेला उबदार असतो.

मी अजूनही घोड्यांशी मराठीतच बोलते. ‘थांब की गं बाई’ म्हटलं की कान वळवतात, थांबत मात्र नाहीत. त्यासाठी ओठ फुरफुरवून ‘प्त्रोऽऽ’ म्हणावं लागतं. इथल्या गाडीवानांचा तो जुना शब्द. तो तेवढा आत्तापासून पाठ कर, ट्रेडमिलवर लागतो.