साठीच्या बँडमध्ये गिटार धरताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. साठीच्या पुढच्या चौघांनी त्यांच्या रॉक बँडमध्ये तुला गिटारला घेतलं आणि डिसेंबरात बडोद्यात लॉनवर दोन कार्यक्रम ठरले, हे कळलं. जुन्या गाण्यांतले सोलो, म्हणजे गिटारचे एकट्यानं वाजवायचे तुकडे, किती हुबेहूब बसवू, असं तू विचारलंस. ते सांगतो, पण तुझा पहिला प्रश्न गायकाच्या पट्टीचा असायला हवा होता.

वय झालं की स्वरतंतू पातळ होतात, श्वास तोकडा पडतो. बोलणं ठणठणीत असतं, म्हणून गायकाला वाटतं सगळं जागेवर आहे. वरचे स्वर पहिल्या तीन गाण्यांत लागतातही. दहाव्यात लागत नाहीत. तेव्हा पट्टी तालमीच्या सुरुवातीला ठरवू नका. अर्धा तास गाऊन झाल्यावर गाण्यातली सर्वांत अवघड ओळ लागोपाठ तीनदा गाऊन घ्या. तिसऱ्यांदा ती मान न ताणता आली तर ती पट्टी खरी. नाहीतर अर्धा स्वर खाली, आणि पुन्हा तीनदा.

सयाजीरावांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली ते हे गाव. इथे बुवा वयपरत्वे पट्टी उतरवून गायले तर कुणी नाक मुरडत नाही. रॉकच्या श्रोत्याला मात्र रेकॉर्डवरचीच पट्टी हवी, असं आपण उगाच धरून चालतो. पांढरी पाचचं गाणं काळी तीनवर, म्हणजे अर्धा स्वर खाली, आलं तर शंभरातल्या दोघांना कळेल, आणि त्यातला एक गिटारवाला असेल. फाटलेला आवाज मात्र शंभर जणांना कळतो. जे गाणं उतरवूनही झेपत नाही ते वगळायचं. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा गायक इयन गिलन यानं ‘चाइल्ड इन टाइम’ गाणं सोडलं त्याला कित्येक वर्षं झाली. बँड चालूच आहे. उलट एरोस्मिथ या अमेरिकी बँडचं बघ. निरोपाचा दौरा 2023 च्या सप्टेंबरात सुरू झाला, तिसऱ्याच कार्यक्रमात गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याला इजा झाली, आणि 2024 च्या ऑगस्टात त्यांनी दौरे कायमचे थांबवले. गळ्याला सुटी लागते. तुमचे दोन कार्यक्रम लागोपाठच्या रात्री असतील तर मध्ये एक दिवस मागून घे. आयोजक कुरकुरेल, कुरकुरू दे.

आता तुझं काम. अर्धा स्वर उतरवलास की तारांचा ताण साधारण 11 टक्के घटतो, पूर्ण स्वर उतरवलास की जवळजवळ 21. तीच नाइनची तार (ज्या सेटमधली सर्वांत पातळ तार नऊ सहस्रांश इंचाची असते ती) ठेवलीस तर ती ढिली पडते, फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर, खरखरते आणि जोरात दाबली की बेसूर होते. अर्ध्या स्वरासाठी साडेनऊचा सेट लाव, पूर्ण स्वरासाठी दहाचा; ताण पुन्हा जवळपास पहिल्यासारखा येतो. तार बदलली की बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे दाबलेला स्वर सुरात येतो का ते, तपास. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, स्प्रिंगांवर तरंगता असेल तर मागच्या स्प्रिंगा पुन्हा जुळवाव्या लागतील, आणि हे काम कार्यक्रमाच्या दिवशी करायचं नसतं. नवी तार दोन दिवस ताणून बसू दे.

काही गाणी नुसती बोटं सरकवून खालच्या पट्टीत उतरत नाहीत. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरावट डी आणि जी या दोन मोकळ्या तारांवर सुरू होते. ती षड्ज-मध्यमाच्या जोडीनं आहे, आणि त्यांचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. निम्मं जग ती षड्ज-पंचमानं पिक मारून वाजवतं, म्हणून ती जाडजूड आणि चुकीची वाटते. पट्टी उतरवायची तर मोकळ्या तारा हव्यातच, म्हणजे गिटारच खाली लावावी लागणार. याउलट ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, सातव्या फ्रेटवर लावून वाजवतात. पूर्ण स्वर खाली हवं असेल तर कॅपो पाचव्यावर सरकव, झालं.

सोळा गाण्यांतली तीनच उतरवायची आणि मध्येच गिटार बदलायची, हा बेत मला पसंत नाही. अंधारात बेसवाले काका वाकून दुसरा बेस शोधत बसतात, तोवर टाळ्या संपतात. सगळा कार्यक्रमच अर्धा स्वर खाली घ्या. कीबोर्डवाला पट्टी बदलणारं ट्रान्सपोज बटण उणे एकवर (अर्धा स्वर खाली) ठेवून वाजवणार असेल, तर त्याच्या यादीवर हे प्रत्येक गाण्यासमोर लिही. मध्ये कीबोर्ड बंद करून चालू केला की ते आकडे बहुधा शून्यावर जातात, आणि पुढचं गाणं दोन पट्ट्यांत सुरू होतं.

यादी नव्वद मिनिटांची करा. बोलणं धरून पंधरा-सोळा गाणी पुरेत. सर्वांत चढं गाणं पहिलं नको, शेवटचंही नको. तिसरं ते पाचवं ठीक. दोन चढी गाणी शेजारी ठेवू नका, मध्ये एखादा वाद्यांचा तुकडा घाला. तिथे गायक पाणी पितो आणि तू सोलो लांबवतोस. नवीन गाणी दोनच. मोकळ्या जागेवर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि गरब्यात मिळते ती बारापर्यंतची सूट डिसेंबरात मिळेल असं धरू नकोस. आठला सुरू, उशीर धरला तरी पावणेदहाला शेवटचा ठोका.

आवाजाचं भांडण या वयाच्या बँडमध्ये ठरलेलं. प्रत्येकाचे वरच्या पट्टीतले कान थोडे गेलेले असतात, म्हणून प्रत्येक जण आपला मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवायला सांगतो. मग ड्रमवर ऐकू येत नाही, मग तेही वाढतं, आणि शेवटी माइक शिट्टी मारतो. कानांचा हिशोब असा: 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला 2016 मध्ये ऐकू येणं पुरतं जाण्याच्या भीतीनं दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, घ्या, ड्रमरला तारेचं चालेल, आणि आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर चालू ठेवा. काकालोक एका कानातलं काढून ठेवतात, कारण श्रोत्यांचा आवाज येत नाही. मग उरलेल्या कानात तेच वाढवून घेतात. हे सर्वांत वाईट. त्यावर उपाय म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक लावायचा आणि तो फक्त इन-इअरमध्ये सोडायचा. निदान तीन तालमी त्यावर करा. थेट स्टेजवर दिलेलं इन-इअर दुसऱ्या गाण्याला गळ्यात लोंबतं.

ड्रमरचं थोडक्यात. क्लिक, म्हणजे कानात वाजणारा लयीचा ठोका, रेकॉर्डपेक्षा मिनिटाला चार-पाच ठोक्यांनी संथ ठेवा. गाणं वजनदार वाटतं आणि मनगटं वाचतात. जेनेसिस या बँडच्या 2021-22 च्या दौऱ्यात एके काळचा ड्रमर फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता. म्हणून पाठीला टेका असलेलं स्टूल मागायला लाजायचं कारण नाही.

स्टेजची पायरी बुटकी हवी, कठडा हवा, कडांना पांढरी टेप हवी. दोन गाण्यांमध्ये लाइटवाला पूर्ण अंधार करतो, ते बंद कर. म्हाताऱ्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाय केबलमध्ये अडकतो. मंद निळा दिवा कायम राहू दे. स्पीकरमधून हम, म्हणजे सततची गुणगुण, येतोय म्हणून कुणी अर्थिंगची पिन काढायला निघाला तर त्याचा हात धर. वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट बटण त्यासाठीच असतं. अर्थिंग नसलेल्या माइकनं 1972 मध्ये लेस हार्वी हा गिटारवादक विजेचा धक्का बसून स्टेजवरच दगावला.

आता तुझे सोलो. ब्लॅकमोर 1993 मध्ये डीप पर्पल सोडून गेला, त्याच्या जागी आधी जो सॅट्रिआनी, मग स्टीव्ह मोर्स, 2022 पासून सायमन मॅकब्राइड. तुझी खुर्ची अशी आहे, दुसऱ्याचे सोलो वाजवणाऱ्याची. लोकांना सोलोचं तोंड आठवतं, मधली एक मोठी ओढ आठवते आणि समेवर येणं आठवतं. ते तिन्ही जसंच्या तसं वाजव, मधलं तुझं. आणि गायकाचा श्वास चुकला तर चार मात्रा वाढवून दे, त्याच्याकडे न बघता.

मानधन कार्यक्रमागणिक आणि तालमीचं वेगळं, हे आत्ताच बोलून घे. स्टेजवरून त्यांचं वय जाहीर करू नकोस.

नवरात्राचे नऊ दिवस आणि त्याआधीचा पंधरवडा बडोद्यात साउंडवाला हाती लागत नाही. इन-इअरच्या तालमी त्याआधी उरकून घ्या किंवा दिवाळीनंतर ठेवा. पहिल्या तालमीला साडेनऊच्या तारांची दोन पाकिटं ने.