कॅंडल मार्चच्या आधी एवढं वाच

अरे बाबा,

तुझा मेसेज वाचला, सगळा. २५ नोव्हेंबरला देवळापासून पंचायतीपर्यंत कॅंडल मार्च, काळे टी-शर्ट, बॅनर, एखादा पाहुणा आणि शेवटी शपथ. करा की, कोण नको म्हणतंय. बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा तो आंतरराष्ट्रीय दिवस मिराबाल बहिणींच्या आठवणीत पाळतात, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या तिघी, हुकूमशहाच्या विरोधात उभ्या राहिल्या म्हणून १९६० साली त्याच तारखेला त्यांना मारलं, एवढं तरी त्या पाहुण्याला बोलायला सांग, नाहीतर अर्धा तास नुसतं नारीशक्ती नारीशक्ती करेल. पण मार्च झाला त्याच रात्री तुमच्या वाड्यावर कुणाच्या घरातून मारझोडीचा आवाज आला तर तुमच्यातला कोण उठणार आणि दारात जाऊन काय बोलणार, हे आधी ठरवा. बॅनर नंतर छापा.

गाव गप्प बसतं असं तू लिहिलंयस ते मला काही पटलं नाही. मी गोव्यात फोंड्याच्या आसपास इतकी वर्षं बायकांबरोबर पोलीस स्टेशन, कोर्ट, मामलेदार ऑफिस करत फिरतेय, गप्प बसलेलं गाव मला अजून भेटायचंय. गाव लगेच कामाला लागतं रे. एक पंच येतो, नवऱ्याचा मोठा भाऊ येतो, देवस्थान कमिटीवरचा कुणीतरी येतो, चहा होतो, आणि तासाभरात ठरतं की त्याने सोरो, म्हणजे दारू, कमी करायचा आणि तिने तोंड कमी चालवायचं. देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, मिटलं. पुढच्या वेळी ती परत सुजलेलं तोंड घेऊन आली की तेच लोक म्हणतात, आत्ताच तर मिटवलं होतं ना गो. दोघांचंही थोडं थोडं चुकलं असं धरूनच ते मिटवणं सुरू होतं, तिथेच सगळं बिघडतं. तुमच्या ग्रुपने बाकी काही केलं नाही आणि हे असलं मिटवणं फक्त बंद पाडलं तरी माझ्या लेखी खूप झालं.

हे का म्हणते ते सांगते. २०१९-२१ चा देशाचा एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे बघ, लग्न झालेल्या दर दहा बायकांतल्या जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के जणींनी, आणि त्याही बहुतेक कुठे गेल्या तर माहेरी, सासरच्याच कुणाकडे, शेजारी. पोलिसांपर्यंत फार थोड्या. म्हणजे ती पहिल्यांदा बोलणार ती तुझ्या आईशी नाहीतर समोरच्या काकीशी, आणि त्या काकीने "सहन कर गो, पोरांकडे बघ" म्हटलं की पुढची दहा वर्षं ती कुणाशी बोलणार नाही.

आता दारात काय बोलायचं. काहीही. वायफाय चालतोय का, बाइकची चावी इथे पडली का, जास्तीचा सिलिंडर आहे का. २००८ साली बेल बजाओ नावाची मोहीम झाली होती तिच्यात हेच होतं, बेल वाजवायची, फालतू काहीतरी मागायचं, आतल्याला कळतं की बाहेर ऐकू गेलंय. दोघं जा, एकटा नको. आणि आवेश नको, त्याला ओढून चार ठेवून दिल्या असलं तर अजिबात नको, कारण तुम्ही घरी गेल्यावर त्याचा हिशोब तिच्याकडूनच वसूल होतो. हातात कोयता-बियता असेल तर दाराशीसुद्धा जायचं नाही, सरळ पोलिसांना ११२ वर फोन.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी बाईने बोलायचं, तू नाही. आणि व्हॉट्सॲपवर तर नाहीच, फोन तो बघतो. तिला काय हवंय ते विचारायचं आणि ती जे म्हणेल ते, तुम्हाला पटलं नाही तरी. इथेच तुम्हा पोरांचा धीर सुटतो हे मी बघितलंय, "एवढं केलं आणि ती परत त्याच्याकडेच गेली" म्हणून रागावता. अरे, घर सोडायच्या वेळी आणि सोडल्यानंतरच धोका सगळ्यात जास्त असतो, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तिची वेळ ती ठरवेल, तोपर्यंत तिची एक पिशवी कुणाच्या तरी घरी राहू दे.

त्या पिशवीत कागद. आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचं सर्टिफिकेट. गृह आधार ह्या सरकारी योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात ठीक आहे, पण त्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय ते विचार, नवऱ्याचा निघतो. आणि लग्नाचं बघ. आपल्या गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडची पहिली सही होते, मग देवळात लग्न लागतं, जेवणं होतात, आणि दुसरी सही राहूनच जाते, म्हणजे नोंदणी अर्धवटच, ते कळतं थेट कोर्टात उभं राहिल्यावर. ही एक गोष्ट तुम्ही पोरं आरामात करू शकता, नवीन लग्न झालेल्यांना नुसतं विचारत राहायचं की दुसरी सही झाली ना. नोंदणी नीट असली आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला तर आपल्या सिव्हिल कोडने मालमत्ता दोघांची, अर्धी तिची, तिच्या सहीशिवाय त्याला घर-जमीन विकताही येत नाही. "माझ्या घरातून चालती हो" म्हणणाऱ्या कितीतरी जणांना हे ऐकून घाम फुटतो. शिवाय २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने घर कुणाच्याही नावावर असो, राहत्या घरात राहायचा तिला हक्क आहे.

आमच्यावरच केस टाकली तर काय, असं तुझ्या मित्राने विचारलंय. त्याच कायद्यात चौथं कलम आहे, कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे ह्याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. प्रिंट काढून खिशात ठेव म्हणावं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी अडत असेल तर बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो, तालुक्याच्या कोर्टात कायदेशीर सेवा समितीकडे अर्ज द्यायचा, १५१०० ला फोन लावला तरी सांगतात. हेल्पलाइन १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी.

मुलांचं आलंच म्हणून. अठराच्या खालच्या मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत लैंगिक काही कळलं तर तिथे "तिची वेळ ती ठरवेल" वगैरे नाही, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे, न कळवणारा स्वतः गुन्हेगार होतो, मग तो हेडमास्तर असो नाहीतर सरपंच. मुलीचं नाव, शाळा, वाडा, काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. न्याय मागतोय म्हणून फोटो फिरवणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

आता तुमचं पोरांचं खरं काम, आणि ते मार्चपेक्षा कंटाळवाणं आहे. युगांडात कंपाला शहरात सासा नावाचा एक प्रयोग झाला, आठ वस्त्या घेतल्या, चार वस्त्यांत तिथल्याच साध्या माणसांना तयार करून त्यांनी शेजाऱ्यांशी, मित्रांशी बोलत राहायचं, कायद्याची कलमं नाहीत, घरात कोणाचं चालतं आणि का चालतं ह्यावरच बोलणं. जवळजवळ तीन वर्षं चाललं ते. २०१४ साली निकाल छापून आला, त्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण बाकीच्या चार वस्त्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास खाली होती. तीन वर्षं, एक संध्याकाळ नाही. तुमच्याकडे त्यासाठी फुटबॉलचं मैदान आहे, भजनाची बारी आहे, तिठ्यावरचा बार आहे. बारमध्ये कुणीतरी बायकोला कसं सरळ केलं ते रंगवून सांगतो तेव्हा हसायचं नाही, एवढ्यापासून सुरू करा, बघ किती जड जातं ते.

आणि ग्रुपमध्ये सगळे मुलगेच दिसतायत. धालो म्हणजे आपल्याकडचा बायकांचा नाच-गाण्यांचा सण, त्याच्या मांडावर, म्हणजे अंगणात, पौषातल्या रात्री सगळ्या बायका एकत्र असतात, तिथे जे बोललं जातं ते तुमच्या मीटिंगमध्ये कधीच येणार नाही, तेव्हा मांडावरच्या दोन जाणत्या बायकांना आणि अंगणवाडीच्या बाईंना आधी भेटा, आणि त्या जे सांगतील त्यातलं जमेल ते करा. त्यांना तुमच्या कमिटीत घेऊ नका, तुम्ही त्यांच्या हाताखाली जा.

ग्रामसभेचं तू विचारलंयस. महाराष्ट्रात कोल्हापूरकडे हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला, त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, तेव्हा ठरावाला काहीच वजन नसतं असं नाही. तुमचा ठराव मात्र एका ओळीचा असू दे, की मारझोडीच्या कुठल्याही प्रकरणात पंच किंवा पंचायत मध्यस्थी करून मिटवणार नाही, बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे न्यायची सोय करेल. आधी लेखी दे, सेक्रेटरीकडे, इनवर्डचा शिक्का घे, ऐनवेळी रविवारी उठून बोललास तर पुढच्या वेळी बघू म्हणतील. विरोध कोण करेल ते तुला माहीतच आहे, त्यांच्या घरच्या बायकांना सभेला आणायचं बघ. मसुदा झाला की मला पाठव, सही करणाऱ्यांची नावं खाली असू देत.